नकाशाचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं: प्रकल्प नोंदी

४ जून २०२५

आजपासून नोंदी इथेच लिहिणार, मेलमध्ये शोधत बसायला नको. काम असं की संस्थेने नकाशासाठी एक काहीतरी ठरवायचं आणि मग सगळ्यांनी तेच वापरायचं. आत्ता काय काय आहे ते काढून बघितलं. एक गूगल माय मॅप्सवरचा नकाशा, मुंबईतल्या एम पूर्व आणि एल वॉर्डातली सार्वजनिक शौचालयं आणि नळकोंडाळी, जो पूर्वी इथे असलेल्या एका मुलाच्या स्वतःच्या जीमेलवर बनलाय, म्हणजे त्याने उद्या अकाउंट बंद केलं की आपला नकाशा पण गेला. दुसरं एक्सेल, त्याची प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी कॉपी, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल मॅडम’. तिसरा एका कन्सल्टंटने करून दिलेला रिपोर्ट, नकाशे एकदम देखणे पण सगळे पीडीएफ, मागचा डेटा मागितला तर म्हणे तो करारात नव्हता.

माय मॅप्स तसं वाईट नाही, कुणालाही जमतं. पण एका लेयरमध्ये (म्हणजे नकाशावरच्या एका थरात) २००० वस्तू आणि एका नकाशात १० लेयर ही त्याची मर्यादा, घरं धरली तर एक वस्ती पण त्यात मावत नाही. शिवाय अंतर, बफर (ठिपक्याभोवती ठरावीक अंतराचा गोल) असलं काही करता येत नाही, नुसत्या पिना टोचायच्या.

९ जून

एक्सेल साफ करत बसले. ‘वॉर्ड’ नावाचा एकच कॉलम आणि त्यात कुणी ‘एम पूर्व’ लिहिलंय, कुणी ‘१४०’. एम पूर्व हा पालिकेचा प्रशासकीय वॉर्ड, आणि १४० हा नगरसेवकाचा प्रभाग, असे २२७ आहेत. दोन्हीला आपण सगळे वॉर्डच म्हणतो, बोलताना कळतं, कॉम्प्युटरला कसं कळणार. पाण्याची तक्रार प्रशासकीय वॉर्डाच्या ऑफिसात जाते आणि नगरसेवक निधीची गोष्ट प्रभागावर, त्यामुळे दोन्ही पाहिजेतच, दोन कॉलम केले. आणि प्रभागाच्या सीमा बदलतात तेव्हा कुठल्या वर्षाची सीमा धरली ते पण लिहायचं.

गंमत म्हणजे काही शौचालयं नॉर्वेच्या वर समुद्रात निघाली. १९ आणि ७२ ची अदलाबदल, दुसरं काय. मुंबई साधारण १९ अक्षांश ७२.९ रेखांश, उलटं टाकलं की थेट आर्क्टिक. हे असं टाकायलाच न देणारा फॉर्म पाहिजे, यादीत लिहून ठेवलं.

१३ जून

संस्थेच्या मॅडम म्हणाल्या फीचर्सचा तक्ता करून आण, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे. केला अर्धा आणि ठेवून दिला, कारण तसं बघितलं तर सगळ्यातच सगळं आहे. त्यापेक्षा विचारलं की आपल्याकडे नकाशाला हात कोण लावणार. फील्डवरच्या ताया, फोन साधे अँड्रॉइड, वस्तीत नेट कधी असतं कधी नसतं. ऑफिसात मी आणि एक इंटर्न, इंटर्न दर सहा महिन्यांनी बदलतो. आणि शेवटी वॉर्ड ऑफिसातले इंजिनियर साहेब, ज्यांना ए-थ्री कागदावरचा मराठी नावं असलेला नकाशा हातात पाहिजे, लिंक पाठवली तर उघडत नाहीत. या तिघांच्या मधून डेटा न सांडता गेला पाहिजे, बाकी थ्रीडी बिल्डिंगा फिरवून दाखवणं वगैरे ठीक आहे.

२० जून

आर्कजीआयएसचा डेमो झाला, हे एस्री कंपनीचं पैसे भरून घ्यायचं नकाशाचं सॉफ्टवेअर. खोटं कशाला बोलू, भारी आहे. एस्री ही कंपनी १९६९ पासून हेच करतेय आणि ते दिसतं, फोनवरचा फॉर्म, ऑफिसातला नकाशा आणि वेबवरचा डॅशबोर्ड सगळं एकमेकांत बसवलेलं, काही बिघडलं तर फोन करायला माणूस आहे. ना-नफा संस्थांसाठी सवलतीची योजना पण आहे त्यांची.

अडचणी आपल्याकडच्या. त्याचा लॅपटॉपवरचा भाग, आर्कजीआयएस प्रो, फक्त विंडोजवर चालतो आणि आपले लॅपटॉप आठ जीबी रॅमवाले, त्यातल्या एकावर लिनक्स. आपल्या ओळखीत ज्यांना जीआयएस (कॉम्प्युटरवरचं नकाशाचं काम) येतं ते कॉलेजात एस्रीचंच जुनं आर्कमॅप शिकलेले आणि ते तर १ मार्च २०२६ ला रिटायर होतंय, म्हणजे तसंही नव्यानेच शिकायचंय. मुख्य प्रश्न लायसन्सचा, ते दरवर्षी भरायचं, आणि आपली ग्रँट तीन वर्षांची. चौथ्या वर्षी काय? डेटा त्यांच्या फाइल जिओडेटाबेस या प्रकारात असेल तर तो क्यूजीआयएस या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पण उघडतो, तेवढी भीती नाही, पण ऑनलाइन टाकलेले लेयर, फॉर्म, डॅशबोर्ड हे सगळं वर्गणीवर टांगलेलं. डेमोतलं शहर परदेशातलं होतं, प्रत्येक घराला नंबर, प्रत्येक रस्त्याला नाव. मी विचारलं ‘गल्ली नंबर ५, मशिदीच्या मागे, शिवाजी नगर, गोवंडी’ हा पत्ता शोधून दाखवा, पिन आली शिवाजी नगरच्या मधोमध. त्यांचा दोष नाही म्हणा, असा पत्ता कुणालाच सापडत नाही, पोस्टमन सोडून.

२७ जून

अकाउंट्सच्या काकांशी अर्धा दिवस. क्यूजीआयएस फुकट आहे सांगितल्यावर काकांना आनंद व्हायला पाहिजे होता, पण काका म्हणाले, ‘अगं पण खरेदी म्हटली की तीन कोटेशन लागतात, फुकट वस्तूचं कोटेशन कोण देणार?’ मग समजावलं की काका आपण खरेदी करतच नाहीये, जीपीएल लायसन्स आहे, कितीही मशीनवर टाका. २००२ मध्ये गॅरी शर्मन नावाच्या माणसाने सुरू केलं आणि आता जगभरचे लोक मिळून चालवतात. काकांचा पुढचा प्रश्न जास्त बरोबर होता, ‘मग बिघडलं तर भांडायचं कोणाशी?’

त्याचं उत्तर असं की कोणाशीच नाही, आपणच शिकायचं किंवा पैसे देऊन माणूस आणायचा. म्हणून बजेटमध्ये सॉफ्टवेअरच्या ओळीतले पैसे पुसायचे नाहीत, ते ट्रेनिंग आणि रॅमवर टाकायचे, काकांनी मान्य केलं. फुकट म्हणून शून्य लिहिलं असतं तर पुढच्या वर्षी एक रुपया मिळाला नसता.

३ जुलै

आज मराठीची परीक्षा. सगळा जुना डेटा शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल प्रकारात मागतात लोक, सरकारी ऑफिसं पण, म्हणून म्हटलं तेच मूळ धरू. ‘शौचालय’ नावाचा कॉलम केला, सेव्ह करून परत उघडला तर कॉलमचं नाव ‘शौच’ आणि पुढे एक चौकोन. इंटर्न हसून हसून लोळला.

कारण साधं आहे. शेपफाइल म्हणजे नव्वदच्या दशकातला प्रकार, मागे तक्त्यासाठी त्याहून जुनी डीबीएफ फाइल, कॉलमच्या नावाला १० बाइट. इंग्रजी अक्षर एक बाइटचं, आपलं देवनागरी यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं, आणि काना मात्रा वेलांटी हे पण वेगळं धरलं जातं. म्हणजे श, औकार, च, झाले नऊ बाइट, संपलं. मजकुराला पण २५४ बाइट, देवनागरीत मोजून ८४ चिन्हं, ‘शेरा’ कॉलममध्ये ताया जे लिहितात ते निम्म्यात तुटणार. शिवाय अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल कुणी पाठवायला विसरलं की सगळं मराठी गिचमिड. एका शेपफाइलच्या चार-पाच फाइली, लोक व्हॉट्सअपवर नुसती .एसएचपी पाठवतात आणि विचारतात उघडत का नाही.

जिओपॅकेज हा पर्याय. ओजीसी या नकाशा-डेटाची स्टँडर्डं ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये आणलेलं स्टँडर्ड, आत एसक्यूलाइट हा एका फाइलचा डेटाबेस, सगळे लेयर एकाच फाइलमध्ये, मराठी जसंच्या तसं. ठरलं, मूळ डेटा जिओपॅकेज, कुणी मागितलं तर शेपफाइल काढून द्यायची. तरी कॉलमची नावं रोमनमध्येच ठेवतेय, आणि क्यूजीआयएसमध्ये प्रत्येकाला मराठी उपनाव देता येतं, फॉर्ममध्ये तायांना तेच दिसतं.

छपाई पण बघितली. क्यूजीआयएसच्या लेआउटमधून पीडीएफ काढला, जोडाक्षरं नीट, ‘कुर्ला’चा रफार जागेवर. उलट ब्राउझरमध्ये चालणारे ते नवे व्हेक्टर टाइलवाले (रेषा आणि अक्षरं तिथल्या तिथे काढणारे) नकाशे आहेत ना, त्यातल्या काहींमध्ये रफार सुटून र वेगळा, पाय मोडका, बघवत नाही. वेबवर टाकायची वेळ आली तर लीफलेट (वेब नकाशासाठीचं फुकटचं साधन) वापरायचं आणि नावं साध्या एचटीएमएलमध्ये, तिथे ब्राउझर स्वतः अक्षरं जोडतो.

११ जुलै

फील्ड. बैंगनवाडीत दोन तायांबरोबर, दोन फोन, एकात कोबो (सर्व्हेचे फॉर्म भरायचं अॅप), एकात क्यूफील्ड (क्यूजीआयएसच्या जोडीचं फोनवरचं अॅप). पाऊस होताच.

कोबो तायांना येतं, मागचा सर्व्हे त्यावरच झाला होता, प्रश्न मराठीत, बाण दाबत पुढे जायचं. नेट नसलं तरी चालतं. पण त्यातल्या आपल्या फॉर्ममध्ये जागा म्हणजे जीपीएस जे देईल ते, आणि त्या गल्ल्या म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने कडेला व्हायचं, वर दोन-तीन मजले पत्र्याचे, आकाशाची एक फट दिसते. मोकळ्या मैदानात फोन पाच मीटरच्या आत येतो, इथे तो पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे उड्या मारत होता. पंधरा मीटर म्हणजे तिकडची तिसरी गल्ली. मोठ्या ताई म्हणाल्या, ‘मॅडम हे बघा, हा म्हणतोय आपण नाल्यात उभे आहोत.’

क्यूफील्डमध्ये तोच क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट फोनवर उघडतो, खाली फोटो नकाशा, ताई बोटाने नकाशा सरकवते आणि छप्पर ओळखून तिथेच ठिपका ठेवते. आधी मला वाटलेलं त्यांना जमणार नाही. दहा मिनिटांत ताईंनी स्वतःच्या मावशीचं घर शोधलं, निळी ताडपत्री बघून, आणि मग मलाच सांगायला लागल्या की हे शौचालय तुम्ही चुकीच्या बाजूला दाखवलंय, दरवाजा मागून आहे. जीपीएसला हे कुठून कळणार. मात्र फॉर्म कोबोइतका सोपा नाही, चुकून बोट लागलं की ठिपका सरकतो, आणि स्वस्तातला फोन मोठा नकाशा उघडताना गरम झाला.

१८ जुलै

खालचा फोटो नकाशा कुठून आणायचा यावर आठवडा गेला. सेंटिनेल-२ या सॅटेलाइटचे फोटो फुकट आहेत, दर पाच दिवसांनी नवीन, पण एक पिक्सेल १० मीटरचा. आपल्याकडची खोली दहा बाय बाराची, म्हणजे एका पिक्सेलमध्ये आठ-नऊ खोल्या, आणि जून ते सप्टेंबर ढगांचेच फोटो. खारफुटी किंवा देवनारचा डंपिंगचा डोंगर बघायला ठीक, गल्लीला काही उपयोग नाही.

इंटर्न म्हणाला गूगलचा सॅटेलाइट क्यूजीआयएसमध्ये लावता येतो, एक लिंक टाकायची बस. येतो लावता, सगळे लावतात. पण त्यावरून ट्रेस करून स्वतःचा डेटा बनवणं किंवा त्याचे तुकडे (टाइल) उतरवून फोनमध्ये ठेवणं त्यांच्या अटींत बसत नाही, आणि उद्या आपण हा डेटा पालिकेला देणार, तेव्हा पाया कच्चा नको. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते आणि इमारती घेतल्या, त्याचं लायसन्स स्पष्ट आहे, नाव द्या आणि त्यात भर घातलेला डेटाबेस वाटला तर त्याच लायसन्सवर वाटा. फोटोसाठी एका सहयोगी संस्थेकडे ड्रोनचं चित्र आहे, रीतसर पत्र देऊन मागवलंय.

२५ जुलै

आज खरं विश्लेषण करून बघितलं, कारण सॉफ्टवेअर शेवटी यासाठीच घ्यायचं. स्वच्छ भारतच्या हिशोबात घरापासून ५०० मीटरच्या आत शौचालय पाहिजे. बफर मारला. आधी प्रोजेक्शन (नकाशा कुठल्या मापात मांडलाय ते) बदललं, कारण डेटा अंशांत असताना ५०० टाकलं की ते ५०० अंश, पृथ्वीच संपते. मुंबईसाठी मीटरवालं प्रोजेक्शन म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर, त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३, हे आता प्रोजेक्ट टेम्प्लेटमध्येच बसवलंय.

गोल काढल्यावर जवळपास सगळी घरं हिरवी, कुणी म्हणेल प्रश्नच सुटला. पण गोलाला हार्बर लाइनचे रूळ दिसत नाहीत. रुळांच्या पलीकडचं शौचालय सरळ रेषेत दोनशे मीटर असेल, पण जायचं तर पूल गाठायचा, चढायचं, उतरायचं, परत मागे यायचं. रात्री बाईमाणूस तिथे जाणार आहे का? नाल्याचं पण तेच. म्हणून रस्त्यावरून मोजायला पाहिजे, नेटवर्क अॅनालिसिस क्यूजीआयएसमध्ये आहेच, पण गल्ल्यांचं जाळंच नाही कुणाकडे, ओपनस्ट्रीटमॅपवर मोठे रस्ते आहेत आणि आत मोकळं. तायांनी चालत गल्ल्या काढायच्या आणि त्या आपण ओपनस्ट्रीटमॅपवर पण टाकायच्या असं ठरवलं. हा खर्च कुठल्याही सॉफ्टवेअरने वाचला नसता.

१ ऑगस्ट

पाणी कुठे तुंबतं ते उंचीवरून काढता येईल का, मॅडमचा प्रश्न. इंजिनियर साहेबांनी नाल्याच्या ड्रॉइंगचा प्रिंट दिला, त्यावर पातळी सव्वीस-सत्तावीस मीटर. इंटर्नने सॅटेलाइटवरची उंची लावली तर तिथेच तीन-चार मीटर. तो म्हणाला डेटा खराब आहे. खराब नाही, मुंबईत पालिकेच्या ड्रॉइंगवर पातळी टाउन हॉल डेटमवर (टीएचडी) असते, डेटम म्हणजे उंची जिथून मोजायची तो शून्य, फोर्टातली एशियाटिकची पायऱ्यांची इमारत तोच टाउन हॉल, आणि तो शून्य समुद्रपातळीच्या वीसपेक्षा जास्त मीटर खाली धरलेला. साहेब म्हणाले, ‘टीएचडी लिहिलंय की खाली, वाचा ना.’ लिहिलं होतं, कोपऱ्यात.

आता प्रत्येक उंचीच्या कॉलमशेजारी डेटमचा कॉलम, आणि तो भरल्याशिवाय सेव्ह होणार नाही अशी अट. बाकी सॅटेलाइटच्या फुकटच्या, ३० मीटरच्या एकेका चौकोनाला एकच आकडा देणाऱ्या उंचीवर गल्लीतलं पाणी ठरवायचं नाही, त्यात छपरांची उंची पण धरली जाते आणि चूक मीटरांत असते. आपल्याकडे गुडघाभर पाणी म्हणजे अर्धा मीटर. त्यापेक्षा भिंतीवरची पाण्याची खूण टेपने मोजलेली बरी.

८ ऑगस्ट

सर्व्हर कुठे ठेवायचा. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने नकाशाचे नियम मोकळे केले, भारतीय संस्थेला आता आधी परवानगी काढावी लागत नाही. एक मीटर आडवी आणि तीन मीटर उभी याहून बारीक अचूकता असेल तर डेटा भारतातच ठेवायचा. फोनचे ठिपके त्यात येत नाहीत, पण ड्रोनचं चित्र येऊ शकतं, म्हणून ते बाहेरच्या क्लाउडवर चढवायचं नाही. क्यूफील्डचा क्लाउड स्वतःच्या सर्व्हरवर पण बसवता येतो, सध्या मात्र केबलने फोन जोडून फाइल घेऊ, कंटाळवाणं आहे पण चालतं.

याहून मोठी गोष्ट ताईंनी काढली. ‘घरांचे ठिपके नावासकट लावताय, ती फाइल कुणाच्या हातात गेली तर? उद्या पाडायला आले तर हाच नकाशा घेऊन येतील.’ मीटिंगमध्ये कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण ताईंचा मुद्दा कायद्याच्या आधीचा आहे. ठरलं ते असं: घरांचा डेटा कोबोमध्येच वेगळा, नाव फोन आजार काहीच नकाशाच्या फाइलमध्ये येणार नाही, नकाशावर फक्त गल्लीनिहाय आकडा. शौचालय, नळ, नाले, दिवे हे सार्वजनिक, ते उघडं.

२० ऑगस्ट

दोन दिवस ऑफिस बंदच, काल तर मोनोरेल पण मधेच अडकली लोकांसकट. तायांनी घरूनच पाण्याच्या खुणांचे फोटो पाठवले, न सांगता. व्हॉट्सअपवरून आले म्हणून फोटोतलं लोकेशन गळलेलं, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं ग्रुपवर टाकलं. क्यूफील्डवाल्या ताईचे मात्र ठिपके, फोटो, उंची सगळं जागेवर.

२५ ऑगस्ट

निर्णय, मॅडमना पाठवलेला तसाच. क्यूजीआयएस, सगळ्या मशीनवर तीच एलटीआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती, सध्या ३.४०, मधेच कुणी नवीन टाकायची नाही, नाहीतर एकाने सेव्ह केलेला प्रोजेक्ट दुसऱ्याकडे वेगळाच दिसतो. मूळ डेटा जिओपॅकेज. गल्ली, नाले, शौचालयं क्यूफील्डवर, घरांचा सर्व्हे कोबोवर. आर्कजीआयएस आत्ता नाही, पण पुढे एखाद्या मोठ्या कामात पालिकेबरोबर थेट त्यांच्या सिस्टीमवर काम करायची वेळ आली तर सवलतीतून एका माणसाचं लायसन्स घ्यायला माझी हरकत नाही, डेटा असा ठेवलाय की तिकडे पण जाईल.

पोस्टजीआयएस (सर्व्हरवरचा, अनेकांना एकदम वापरता येणारा नकाशाचा डेटाबेस) दिवाळीनंतर बघू. जिओपॅकेज ड्राइव्हवर ठेवून दोघांनी एकदम उघडलं तर फाइल बिघडू शकते, त्यामुळे पोस्टजीआयएस लागणार हे नक्की, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस नसताना तो बसवला तर तो पण त्या माय मॅप्ससारखा एकाच्याच नावावर राहील. तोपर्यंत लिहायचा अधिकार एका मशीनला, बाकीच्यांना वाचायची कॉपी, तारीख फाइलच्या नावात.

माय मॅप्सवाल्या मुलाला फोन केला, बिचाऱ्याने लगेच नकाशाची केएमएल फाइल काढून पाठवली, मालकी पण संस्थेच्या मेलवर फिरवतो म्हणाला.

राहिलेलं: सोळा जीबीची रॅम दोन लॅपटॉपना (काकांना या वेळी तीन कोटेशन मिळतील), ड्रोनच्या पत्राचा पाठपुरावा, ए-थ्री टेम्प्लेटमध्ये साहेबांना पाहिजे तसा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबरचा रकाना. ट्रेनिंग ८ सप्टेंबरला, विसर्जनानंतरच्या सोमवारी. दोन ताया कोकणात असणार तेव्हा, त्यांचं वेगळं घ्यावं लागेल.